जेसनची बोट लागली कुठे?

'फ्रायडे द थर्टीन्थ'चा आठवा भाग आला १९८९ला. नाव 'जेसन टेक्स मॅनहॅटन'. म्हणजे मुखवटावाला जेसन न्यूयॉर्कमध्ये धुमाकूळ घालणार ना? कसलं काय! तासभर स्वारी बोटीवरच. बजेट कमी, म्हणून न्यूयॉर्कसुद्धा बरंचसं कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये शूट केलेलं. फॅन्स वैतागले, आणि माझ्या मते बरोबरच वैतागले. असले पिक्चर बघणाऱ्यांना डोकं नसतं म्हणतात. अहो, त्यांनी लॉजिक मागितलंच नव्हतं, फक्त नावातलं शहर मागितलं होतं! गच्चीवर बॉक्सर दमेपर्यंत ठोसे मारतो आणि जेसन एकाच ठोशात त्याचं मुंडकं उडवतो, तो सीन मात्र मस्तच. शेवटी गटारातल्या केमिकलमध्ये सापडून जेसनचं लहान पोर होतं. का? ते दिग्दर्शक रॉब हेडनलाच ठाऊक!