धाब्याचे घर कुठे गेले?

अकोला-अमरावतीकडे शेतकऱ्याचे घर म्हणजे धाब्याचे घर, हे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. आजच्या पोरांना मात्र धाबा म्हटले की हायवेवरचे जेवण आठवते.

कपाशीची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. म्हणून पीक काळीत आणि गाव पांढरीवर. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब. घर मोजायचे ते खणांवर. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे, मग पऱ्हाटी-तुराटी नाही तर पळसाची पाने, चिखलाचा थर आणि सर्वांत वर खारी माती. ती पाऊस लागण्याआधी दरवर्षी नव्याने टाकायची. पाणी उतरायला पन्हाळ. वैशाखातही आत गारवा असे. वर दिवसा कुरडया-सरगुंडे वाळत, रात्री अंथरुणे पडत.

माती खणणारे, लाकडे वाहणारे हात पुष्कळदा गावकुसाबाहेरचे. घर उभे झाले की त्याच माणसांनी ओट्याखाली उभे राहायचे! जुन्या वाड्यांचे गोडवे गाणारे हे लिहायचे विसरतात.

ही घरे पावसाने पडली, सिमेंट आले म्हणून गेली, असे म्हणतात. तेही खरे. पण आम्ही हिशेबाच्या टेबलावरची माणसे. आम्हांला कागद आधी दिसतो. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कापसाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले, जमिनीला किंमत आली, आणि किंमत आली तसा सावकार आला.

मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे घ्या. 23 फेब्रुवारी 1876 ला शेंडगावला जन्मलेला डेबूजी, वडील झिंगराजी दारूपायी गेल्यावर, आई सखुबाईंबरोबर इथे आजोबा हंबीरराव यांच्या घरी आला. गुरे राखली, नांगर धरला. मामा चंद्रभान यांनी सावकाराचे पैसे फेडले, पण पावत्या घेतल्या नाहीत. सावकाराने शेत लिहून घेतले. त्या धक्क्याने मामा खचले आणि गेले. ताबा घ्यायला माणसे आली तेव्हा डेबूजी बांधावर आडवा उभा राहिला. भरल्या शेताचे घर कर्जाने पोखरले ते एका पावतीपायी!

हाच डेबूजी 1905 साली घर सोडून निघाला आणि गाडगेबाबा झाला. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला घाट बांधला, गावोगाव धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः मात्र गवताच्या झोपडीत राहिला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. ज्याच्या आजोळचे शेत कागदाने गेले, त्याने एवढी मोठी वास्तू शिक्षणासाठी देऊन टाकली.

आता घरकुलाचा हप्ता आला की उरलेले धाबे उतरवतात. खुशाल उतरवा, गळक्या छताखाली राहण्यात कसली आली संस्कृती? पण सागाची लाकडे विकण्याआधी खण मोजा, भिंतीची रुंदी लिहा, माती कुठून आणली ते आजीला विचारा, आणि देवळीत किंवा जुन्या पेटीत कर्जफेडीची एखादी पावती सापडली तर ती फेकू नका. सात-बाऱ्यासोबत जपून ठेवा.