एक पेटी की दोन पेट्या?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या घरात चांगलाच वाद रंगला होता. विषय साडीचा नव्हता, की फ्रीजचाही नव्हता. विषय होता अँप्लिफायरचा!

त्याचं असं झालं, मामंजी गेले आणि त्यांच्या दीडशे तबकड्या कपाटातच राहिल्या. कुमार गंधर्व, माणिक वर्मा, शिवाय नाट्यगीतं. रेकॉर्ड-प्लेअर शाबूत होता, पण जुन्या अँप्लिफायरचा उजवा स्पीकर बोलेना. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. ह्यांनी मनावर घेतलं, "बाबांची आठवण आहे, आता घ्यायचा तर उत्तमच!" दुकानात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की खरे दर्दी प्रीअँप वेगळा घेतात आणि पॉवर अँप वेगळा. किंमत? लाखाच्या वर!

माझ्या शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते, पण ते सासूबाईंच्या कानाच्या यंत्रासाठी. त्यांना हल्ली नीट ऐकू येत नाही. हाक मारली की कळतं, पण बोलणं उमगत नाही. ह्यांचं म्हणणं, "मोठा अँप्लिफायर आणू, म्हणजे आईलाही ऐकू येईल." मी गप्प बसले खरी, पण आधी माहिती काढायची असं ठरवलं.

रेकॉर्डच्या सुईतून निघणारी वीज अगदी नाजूक असते, काही मिलिव्होल्ट एवढीच. तिला आधी जोपासावं लागतं, आणि रेकॉर्ड कापताना कमी केलेले खर्जाचे सूर पुन्हा भरून काढावे लागतात. ते काम फोनो विभागाचं. मग काय ऐकायचं ते निवडणं आणि आवाज लहान-मोठा करणं हे प्रीअँपचं काम. आणि स्पीकर हलवायला लागणारं बळ देतो तो पॉवर अँप. हे सगळं एकाच पेटीत असलं की तो इंटिग्रेटेड अँप्लिफायर. आपण नाही का कुकरमध्ये वरण आणि भात एकाच आचेवर, पण वेगळ्या डब्यांत शिजवत? तसंच ते!

सुट्या पेट्यांचा फायदा नाही असं नाही. नाजूक भाग मोठ्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब राहतो, आणि पुढं एकच पेटी बदलता येते. हॉल मोठा असेल, स्पीकर जड चालीचे असतील, तर त्या घ्याव्यात. पण जागा दुप्पट, वायरी जास्त, आणि जोडणी चुकली तर स्पीकरमधून सारखी घूंऽऽ अशी गुणगुण.

वॉटच्या आकड्यांनी तर अजिबात भुलू नका. ५० वॉटचे १०० केले, तर आवाज वाढतो अवघा ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतकाच. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात! १९७८ साली आलेला एनएडी ३०२० हा एका पेटीतला अँप्लिफायर एका बाजूला अवघ्या २० वॉटचा होता, पण कमी किमतीत सुरेल म्हणून त्यानं जगभर नाव मिळवलं. आमची खोली दहा बाय बाराची. तिला कितीसे वॉट लागणार?

खरा उलगडा झाला तो कानाच्या तपासणीत. वयानं आधी बारीक, उंच सूर जातात. त्यातच स, श, त, क अशी अक्षरं असतात. नुसता आवाज मोठा करून ती परत येत नाहीत. तो कागद मी ह्यांच्यापुढं ठेवला. ते बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "म्हणजे आई इतके दिवस अर्धंच ऐकत होती."

एका पेटीचा अँप्लिफायर आणला. उरलेल्या पैशात यंत्रही बसलं. तुम्हीही घेणार असाल तर एवढं पाहाच:

फोनोची जोडणी आहे का ते आधी विचारा. हल्ली पुष्कळ अँप्लिफायरना ती नसते, मग छोटी पेटी वेगळी घ्यावी लागते. मागं 'प्री-आऊट' असेल तर उत्तम, पुढंमागं पॉवर अँप जोडता येतो. स्पीकर किती ओमचे आहेत ते अँप्लिफायरच्या सूचनेशी ताडून घ्या. रेकॉर्ड-प्लेअरची बारीक अर्थिंगची वायर त्याच्या स्क्रूला बांधायला विसरू नका. आणि हो, वर क्रोशाचा रुमाल घालू नका, फुलदाणी तर नकोच! पेटी तापते, तिला वरून वारा लागतो. आपल्या घरची आवडती रेकॉर्ड दुकानात नेऊन ऐका, मगच पैसे द्या.

यंत्र घातल्यावर पहिले काही दिवस सासूबाई कुरकुरल्या, "कानात भांडी आपटतात." तरी थोडा थोडा वेळ वापरत राहिल्या. परवा संध्याकाळी ह्यांनी मामंजींची आवडती तबकडी लावली. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "अगं, किती खरखरतंय! रेकॉर्ड पुसत नाहीस वाटतं?"

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांची बोलणी मला एवढी गोड कधी लागली नव्हती. उठले, आणि मऊ फडकं घेऊन आले.