कोऱ्या प्रतीचे स्तोम : ‘हंटरवाली’च्या वस्तू, संग्राहक आणि मराठी समीक्षा

जुन्या साहसपटांशी निगडित वस्तूंचा संग्रह करणे हा गेल्या काही दशकांत प्रतिष्ठेचा व्यवहार झाला आहे. गाण्यांची चोपडी, भित्तिपत्रक, काड्यापेटीवरचे चित्र, पत्त्यांचा जोड या वस्तू एकेकाळी रद्दीच्या भावाने जात; आज त्या लिलावगृहांच्या गुळगुळीत सूचीत क्रमांकानिशी छापल्या जातात. या व्यवहाराविषयी मराठी समीक्षेने बाळगलेले मौन हेतुपुरस्सर नसेल, पण ते निरागसही नाही. संग्राहक आणि समीक्षक हे दोन वर्ग एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. तरीही एका बाबतीत त्यांचे एकमत आहे : वस्तू ज्याने वापरली तो माणूस दोघांनाही अडचणीचा वाटतो.

हे प्रतिपादन तपासण्यासाठी १९३५ सालाकडे जावे लागते. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या बंधूंनी १९३३ मध्ये स्थापन केलेल्या ‘वाडिया मूव्हीटोन’चा ‘हंटरवाली’ त्या वर्षी पडद्यावर आला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी ॲन इव्हान्स नादिया या नावाने त्यात राजकन्या झाली. आणि ही राजकन्या मुखवटा चढवून, हाती हंटर घेऊन, दुष्ट वजिराच्या माणसांना बडवत गोरगरिबांची कैवारी बनली. पुढे ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६), ‘डायमंड क्वीन’ (१९४०) आणि थेट उत्तरभाग म्हणून निघालेला ‘हंटरवाली की बेटी’ (१९४३) असे साहसपटांचे एक कुळच तयार झाले. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची घटना मात्र चित्रपटगृहाबाहेर घडली. नादियाच्या नावाचे चाबूक, पट्टे, काड्यापेट्या आणि पत्त्यांचे जोड बाजारात आले. त्यासाठी वाडिया बंधूंची परवानगी कोणी घेतली नाही आणि स्वामित्वधनाचा पैसाही त्यांच्या पदरी पडला नाही.

चित्रपटविषयक लेखनात ही हकीकत एक गमतीदार किस्सा म्हणून सांगितली जाते. किस्सा म्हणून ती सांगणे हीच मुळात चूक आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नंतर अमेरिकेत जे घडले त्याच्याशी तिची तुलना करून पाहावी. तेथे वस्तुविक्रीचे हक्क जॉर्ज ल्यूकस यांनी आपल्याकडे राखले, खेळणी अधिकृत परवान्याने निघाली आणि चित्रपटाचा अर्थ कोणत्या आकारात घरोघरी जाणार हे निर्मात्याने ठरवले. मुंबईत १९३५ नंतर ते बाजाराने ठरवले. कोणा कारखानदाराने, छापखानेवाल्याने वा चाबूक वळणाऱ्याने चित्रपट पाहिला, त्यातून नेमके काय विकले जाईल हे ओळखले आणि तेवढेच उचलले. राजकन्येचा राजवाडा कोणी उचलला नाही, हंटर उचलला. ही निवड म्हणजे अर्थनिर्णयन आहे. वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्तावर टिपणे काढणाऱ्या मराठी विभागांना याहून ठोस पुरावा कोठे मिळणार होता, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

जेरार झनेत यांनी १९८७ मध्ये मांडलेली परिसंहितेची संकल्पना अशा वस्तूंना सरसकट लावण्याची प्रथा अलीकडे पडू पाहत आहे. ती तपासून घ्यायला हवी. झनेत यांच्या मांडणीत मुखपृष्ठ, प्रस्तावना, जाहिरात ही सारी लेखकाच्या किंवा त्याच्या सहकाऱ्यांच्या जबाबदारीने संहितेभोवती उभी राहतात. मालकी हा त्या संकल्पनेचा गाभा आहे. नादियाच्या काड्यापेटीला असा मालक नाही. तिला परिसंहिता म्हणणे म्हणजे बेवारस मुलाला सरकारी दप्तरात भलत्याच बापाचे नाव लावण्यासारखे होय. तिच्यासाठी वेगळी संज्ञा हवी, आणि ती शोधायला पॅरिसला जाण्याची गरज नाही. जुन्नरला गेले तरी पुरे.

जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांत क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा शिलालेख आहे. त्याच नहपानाची हजारो चांदीची नाणी नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडली. निधीत तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांतील दोन-तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. नहपानाचा मुखवटा खाली दिसतो आणि त्यावर सातवाहनांचे चिन्ह. नाणकशास्त्राच्या दृष्टीने मोल या दुसऱ्या ठोक्याला आहे; सत्तांतराचा पुरावा तोच. ‘हंटरवाली’च्या परवान्याविना निघालेल्या वस्तू अशाच पुनर्मुद्रांकित आहेत. खाली वाडियांचा चित्रपट, वर बाजाराचा ठोका.

आणि बाजारावर आणखी एक ठोका पडत होता, तो ग्राहकाचा. येथे जुन्नर-आंबेगावचा संबंध दृष्टान्तापुरता राहत नाही. या दोन तालुक्यांतील माणसे पोटासाठी मुंबईला जात आली. गिरणीत, गोदीत, डब्यांच्या धंद्यात. स्टंटपटांचा मोठा प्रेक्षक हा याच श्रमिक वर्गातला होता. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा असाच गिरणी कामगार. परदेशी कापडाची मालमोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी त्याने मुंबईच्या रस्त्यावर प्राण दिला. वस्तू ही निव्वळ वस्तू नसून ती चिन्ह असते, हे रोलां बार्थ यांनी १९५७ मध्ये मोठ्या चातुर्याने दाखवून दिले. आंबेगावच्या एका तरुणाने ते त्याआधी सत्तावीस वर्षे जिवानिशी दाखवले होते. ज्या शहराने ते पाहिले त्याच शहरात पाच वर्षांनी हंटर विकला गेला. तो विकत घेणारा गिरणीवाला एखादे खेळणे घेत होता असे समजणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

चाबूक ही वस्तू या मुलखाला नवी नव्हती. बैलाच्या पाठीवरचा चाबूक होता. स्वतःच्याच अंगावर आसूड ओढणारा पोतराज होता. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून हे हत्यार मराठी गद्याच्या हाती दिले होते, आणि त्याच दशकात जुन्नर भागातील कुळांनी सावकारांच्या जमिनी कसण्यास नकार दिला होता. ‘हंटर’ हा शब्द मात्र साहेबाचा. तो घोड्यावरच्या माणसाच्या हातात असे आणि पायी चालणाऱ्याच्या पाठीवर उमटे. १९३५ मध्ये तोच हंटर पडद्यावर एका बाईच्या हातात आला आणि सत्ताधाऱ्याच्या पाठीवर पडला. चिन्हाची दिशा उलटली. चिन्हमीमांसेच्या पाठ्यपुस्तकांत सिग्नलचे लाल-हिरवे दिवे किती काळ घोळवत बसायचे?

हे सारे संग्राहकाच्या हाती आल्यावर काय होते? संग्राहकाच्या बाजारात किमतीची उतरंड ठरलेली आहे. सर्वांत वर ‘मिंट’, म्हणजे टाकसाळीतून निघाल्यासारखी कोरी प्रत. मग किंचित हाताळलेली. आणि तळाशी घडी पडलेली, डाग लागलेली, कोणी काही लिहिलेली. गाण्यांच्या चोपडीचे उदाहरण घ्यावे. चित्रपटगृहाच्या दारात आणे-दोन आण्याला मिळणारी ही पातळ पुस्तिका म्हणजे श्रेयनामावली, कथासार आणि गीते. कथासार नेहमी ऐन वळणावर तोडलेले असे आणि पुढचे पडद्यावर पाहावे असे त्यात बजावलेले असे. ही अपूर्णता पुस्तिकेच्या रचनेतच आहे. शेवट वाचणाऱ्याने घरी नेऊन भरायचा. गाण्यावर चालीची खूण करणारा, मुखपृष्ठावर आपले नाव कोरणारा, मागच्या कोऱ्या भागावर उधारीचा हिशेब मांडणारा माणूस ती पुस्तिका पूर्ण करत होता. संग्राहकाच्या लेखी हे दोष आहेत. ज्या प्रतीला कोणीच हात लावला नाही, अर्थात जी कोणी वाचलीच नाही, ती सर्वोत्तम ठरते.

वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३१ मध्ये स्वतःच्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना संग्राहकाच्या या ओढीकडे ममतेने पाहिले होते. त्यांच्या लेखी प्रत्येक पुस्तकाला ते जेथे मिळाले त्या शहराची आठवण चिकटलेली होती. आजच्या लिलावसूचीत शहर नसते, आठवण नसते. अवस्था आणि किंमत असते. सुझन स्टुअर्ट यांनी १९८४ मध्ये संग्रहाविषयी जे निरीक्षण नोंदवले, की तेथे इतिहासाची जागा वर्गीकरण घेते, ते येथे शब्दशः लागू पडते. चित्रपटसृष्टीने आपल्या या आदर्श संग्राहकाला नायकपदही बहाल केले आहे. १९८१ पासूनच्या ‘इंडियाना जोन्स’ मालिकेचा नायक पुरातत्त्वाचा प्राध्यापक. हातात चाबूक, डोक्यावर हॅट. तो अवशेषांत शिरतो, एक वस्तू उचलतो आणि मागे वास्तू कोसळत असताना पळ काढतो. वस्तू कोणत्या थरात होती, शेजारी काय होते, याची नोंद त्याने केल्याचे दिसत नाही. त्याची हॅट आणि चाबूक यांच्या प्रतिकृती जगभर जमवल्या जातात, हे न्यायाचेच म्हणायचे.

संग्राहक नसता तर या वस्तू उरल्याच नसत्या, हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने त्यासाठी आयुष्य वेचले. तरी कोणत्याही सरकारी संस्थेला काड्यापेट्या आणि पट्टे शोधत गावोगाव हिंडणे शक्य नव्हते. खाजगी वेडानेच पुष्कळ काही वाचवले. परंतु वाचवले म्हणजे काय? नाण्याचे प्राप्तिस्थान गेले की नाणे उरते, पुरावा बराचसा जातो. जुन्या पेठेतल्या दलालाकडून घेतलेली चोपडी निफाडहून आली, भायखळ्याच्या चाळीतून आली की घोडेगावच्या एखाद्या ट्रंकेतून, हे खरेदीच्या वेळी विचारायला दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे खर्च होत नाहीत, कारण उत्तराने किंमत वाढत नाही.

मग विद्यापीठे काय करीत होती? येथे दोष अधिक गंभीर आहे. मौखिक परंपरेच्या बाबतीत पुणे जिल्ह्यातच उत्तम कार्यपद्धती घडली. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या ओव्या गोळा करताना गाणारीचे नाव आणि गाव नोंदवले. गाणारीशिवाय ओवी अपुरी, हे आता पदव्युत्तर विद्यार्थीही जाणतो. पण तोच विद्यार्थी छापील लोकप्रिय वस्तूकडे वळला की हे तत्त्व विसरतो, कारण छापले म्हणजे त्याला ‘लोक’ उरत नाही असे त्याला शिकवलेले असते. ओवीला गाव असते, चोपडीला नसते : ही विभागणी कोणी केली? अभिजनवादी समीक्षेने ‘हंटरवाली’ला अभिरुचिहीन म्हणून बाहेर ठेवले, ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) तिला पुरेसा होता. देशीवादी समीक्षेकडून अपेक्षा अधिक होती. पण निळ्या डोळ्यांची परदेशी बाई, हिंदी संवाद, पारशी निर्माते आणि मराठी श्रमिक प्रेक्षक हे मिश्रण तिच्या भूमीच्या कल्पनेत बसले नाही. देशीपण उत्पत्तीत शोधायचे की वापरात, हा प्रश्न या एका हंटरपाशी उभा राहतो, आणि तिने तो टाळला. ‘हंटरवाली’ हा शब्द दरम्यान करड्या शिस्तीच्या बाईसाठी मराठी बोलण्यात रुजला. कोणत्याही संग्राहकाला तो फळीवर मांडता येणार नाही. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तो टिपता आला असता.

हा वाद जुन्या काळापुरता नाही. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेसाठी सुपारी ठरवतात. ‘हंटरवाली’च्याच वर्षी, १९३५ मध्ये, जन्मलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच परंपरेतल्या, २००२ मध्ये त्या गेल्या. महाराष्ट्रातील यात्रांमध्ये तमाशाच्या कनातीशेजारी सिनेमाचा तंबूही उभा राहत असे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटाने फिरत्या सिनेमाचा मावळता काळ टिपला, तो कानमध्ये वाखाणला गेला. त्यावर मराठी समीक्षेत जी चर्चा व्हायला हवी होती ती झाली नाही. फडांची हस्तपत्रके, वगांची नावे रंगवलेले फलक, तंबूची तिकिटे यांना आता ‘जुने’ म्हणून भाव येण्याची वेळ आली आहे. चित्रपटाच्या चोपड्यांचे जे झाले तेच त्यांचे होईल. कोरे ते पुण्या-मुंबईच्या भिंतीवर चढेल आणि ज्याच्या पाठीवर सुपारीचा आकडा, गावाचे नाव आणि यात्रेची तिथी खरडलेली आहे ते रद्दीत जाईल.

त्या पाठीमागच्या खरडीसाठी एखाद्या मराठी विभागाने नारायणगावात एक नोंदवही घेऊन बसावे. रकाने पाचच पुरतात : वस्तू, गाव, कोणी घेतली, कशासाठी ठेवली, वर काय लिहिले आहे. किमतीचा रकाना नको.