बळीच्या राज्याचा कारभार

कार्तिक शुद्ध प्रतिपदेस महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून ओवाळणीच्या वेळी, इडापिडा टळून बळीचे राज्य यावे, असे जे मागणे पिढ्यान्‌पिढ्या मागितले जाते, ते मागणाऱ्या माउलीने राज्यशास्त्राचा एकही ग्रंथ वाचलेला नसतो. परंतु जे आज नाही, पूर्वी होते असे सांगतात आणि पुन्हा यावयास हवे, अशा एका राज्याचे चित्र तिच्या मनात असते, यात संशय नाही. वामनाला अवतार मानून पूजणाऱ्या समाजानेच त्या वामनाने पाताळात घातलेल्या राजाचा अंमल दरवर्षी नव्याने मागावा, हे आमच्या मते येथील जनमानसाने केलेले फार मोठे वैचारिक धाडस होय. आदर्श समाजाचे स्वप्न हे पाश्चात्त्य वाङ्मयातून आपल्याकडे आले, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी दिवाळीच्या या एका दिवसाचा अवश्य विचार करावा.

हे लिहिण्यास निमित्त घडले ते या दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांचे. भविष्यकाळाकडे पाहणाऱ्या ज्या कथा आमच्याकडे आल्या, त्यांत पाणी आटलेली शहरे होती, माणसाच्या श्वासोच्छ्वासाचीही नोंद ठेवणारी यंत्रे होती, शेजाऱ्याची चहाडी करून शिधा मिळविणारे संसार होते. आणि त्यांतील काही कथा इतक्या सामर्थ्याने लिहिलेल्या आहेत की त्या आम्ही आनंदाने छापल्या आहेत. मात्र ज्या बारकाईने या लेखकांनी वाईट जग उभे केले, त्याच बारकाईने चांगले जग उभे करणारी एकही कथा आमच्या हाती पडली नाही, ही गोष्ट आम्हांस बेचैन करून गेली.

भयाचे चित्र मनात रुतते ते त्यातील तपशिलामुळे. येव्गेनी झाम्यातिन हा रशियन लेखक पेशाने जहाजबांधणीचा अभियंता. त्याने १९२०–२१ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आम्ही’ या कादंबरीत नागरिकांना नावे नाहीत, क्रमांक आहेत, घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि पडदा ओढावयाचा तर त्यासाठी सरकारी गुलाबी चिठ्ठी लागते. राज्याने माणसाचा एकांत हिरावून घेतला, असे शंभर वेळा सांगून जे साधले नसते, ते त्या एका गुलाबी चिठ्ठीने साधले. ही कादंबरी लेखकाच्या स्वतःच्या देशात छापली गेली ती १९८८ साली, त्याच्या मृत्यूनंतर अर्धे शतक लोटल्यावर. बिहारमधील मोतिहारी येथे, अफूच्या खात्यात नोकरीस असलेल्या एका इंग्रज अंमलदाराच्या घरी जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलची गोष्टही तीच. १९४९ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘१९८४’ कादंबरीचा नायक दप्तरात बसून जुनी वृत्तपत्रे दुरुस्त करतो. चॉकलेटचा शिधा तीस ग्रॅमांवरून वीसवर येतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी, तो वीस ग्रॅमांपर्यंत वाढविल्याबद्दल जनता आभार मानते. दहा ग्रॅम चॉकलेटात त्याने एका संपूर्ण राजवटीचा स्वभाव दाखविला.

उलट, चांगल्या जगाची वर्णने बहुधा सुभाषितांत विरून जातात. अर्थात सर टॉमस मोर याच्याविषयी असे म्हणता येणार नाही. १५१६ साली लॅटिन भाषेत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘युटोपिया’त दिवसाचे काम सहा तासांचे आहे, आणि सोन्याचा लोभ सुटावा म्हणून त्या धातूची मलपात्रे व बेड्या घडविल्या जातात. पण त्या बेड्या ज्यांच्या पायांत पडतात ते गुलामही त्या बेटावर आहेत, आणि पशुहत्येचे काम नागरिकांचे मन निबर होऊ नये म्हणून त्या गुलामांकडे सोपविलेले आहे. मोरने कारभाराचा तपशील प्रामाणिकपणे दिला म्हणूनच चारशे-पाचशे वर्षांनंतरच्या वाचकास त्याच्या स्वप्नातील खोट बोट ठेवून दाखविता येते. कल्पिलेल्या राज्याची परीक्षा त्याच्या राजवाड्यात होत नाही. घाण कोण उपसतो आणि त्याला जेवावयास कोणाच्या पंक्तीत बसवितात, येथे ती होते.

या कसोटीस उतरणारे बळीचे राज्य मराठीत एकाच पुरुषाने रेखाटले आणि ते म्हणजे जोतीराव फुले. १८७३ साली निघालेल्या ‘गुलामगिरी’त जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून बळीराजाचा जो मुलूख डोळ्यांसमोर येतो, त्यात सिंहासनाचे वर्णन फारसे नाही, तेथे आहे तो मुलकी बंदोबस्त. महासुभा नावाचा अधिकारी शेतोशेत जाऊन पिकांची पाहणी करतो, वाजवी सूट देतो आणि रयतेस संतुष्ट ठेवतो. आज बांधावर शेंदूर फासून जो धोंडा पूजला जातो, तो जोतीरावांच्या मते त्याच अंमलदाराची आठवण आहे. इतिहास म्हणून ही उपपत्ती विद्वानांना मान्य होवो वा न होवो. कल्पनाशक्तीचा व्यापार म्हणून ती आम्हांस अपूर्व वाटते. महसूल वसूल करावयास आलेला अधिकारी ज्या राज्यात देव होऊन बांधावर बसतो, ते राज्य कसे असेल, याचा विचार करावा! पिकाची आणेवारी लागताना ज्याने शेतकऱ्याचा चेहरा एकदा तरी पाहिला आहे, त्याला या कल्पनेतील करुणा समजावून सांगावी लागणार नाही.

आणि जोतीराव तेथे थांबले नाहीत. १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ हे कुणब्याच्या दैन्याचे दारुण चित्र खरे, पण त्याच पुस्तकात सरकारी लष्करातील व पोलिसांतील फालतू शिपायांकडून तालीबंधारे बांधवून पावसाचे पाणी शिवारात मुरवावे, अशी थेट तजवीज सुचविलेली आहे. पुढे अर्धांगवायूने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात एक कुटुंब येते. त्यातील बाईने बौद्ध धर्म स्वीकारलेला आहे, तिच्या नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने मुसलमानी आणि मुलाने सत्यधर्म. आणि ही चौघे एकमेकांचा हेवा न करता एका घरात प्रेमाने नांदतात. भावी समाजाचे इतके निर्भय आणि इतके घरगुती चित्र त्या शतकात अन्यत्र आमच्या पाहण्यात नाही.

स्त्रियांनी रेखाटलेल्या राज्यांचाही येथे आदराने उल्लेख केला पाहिजे. बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांच्या १९०५ मधील ‘सुलतानाज् ड्रीम’ या इंग्रजी कथेत पुरुष जनान्यासारख्या ‘मर्दान्यात’ बंदिस्त आहेत, आणि स्त्रिया ढगांतून पाणी ओढून घेतात व सूर्याच्या उष्णतेने शत्रूस पिटाळून लावतात. आपल्याकडे काशीबाई कानिटकरांच्या ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) या कादंबरीत मानमरातबाच्या लोभापायी बुद्धिहीन संस्थानिकाच्या गळ्यात बांधलेली मुलगी संस्थानाचा कारभारच हाती घेते आणि तो स्त्रियांच्या हिताचा करून दाखविते. ही कादंबरी आज सहजी मिळतही नाही. मराठी वाचकाचे हे मोठे नुकसान आहे.

आम्हांस भयकथा नकोत, असा याचा अर्थ कोणी करू नये. ज्या वर्षी ऑर्वेलची कादंबरी निघाली, त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला, आणि राजकीय समता व सामाजिक विषमता यांची विसंगती लवकर दूर न केल्यास लोकशाहीचा डोलाराच उद्ध्वस्त होईल, असेही बजावले. पण हा इशारा देणाऱ्या पुरुषाच्या हाती त्या क्षणी कलमवार लिहिलेली राज्यघटना होती! भय आणि विधान यांची अशी जोडी असली म्हणजेच भयाला बळ येते. नुसत्या भयाने वाचक एक तर हताश होतो, नाही तर आपला काळ त्या मानाने बरा म्हणून निश्चिंत होतो, आणि दोन्ही अवस्थांत जागचा हलत नाही.

मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले, तरी गटारात उतरून माणसे आजही गुदमरून मरतात. ज्या नगरात असे कोणी मरत नाही, त्या नगराची कथा आम्हांस हवी आहे: तेथील गटारे कशी साफ होतात, ते काम करणाऱ्याची मुले कोणत्या शाळेत जातात, वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला म्हणजे पहिली घागर कोणाची भरते, बांधाचा तंटा तलाठ्याच्या चावडीवर कसा मिटतो. हे लिहिणे कठीण आहे, कारण सुखाला कथानक नसते असे आपण मानीत आलो आहोत. परंतु न्यायाने वागू पाहणाऱ्या माणसांनाही भांडणे, मोह आणि दुष्काळ चुकत नाहीत, आणि कथेला तेवढे पुरेसे आहे.

पुढील दिवाळी अंकाचा एक संपूर्ण विभाग आम्ही अशा लेखनासाठी राखून ठेवीत आहोत. नामवंतांइतकेच आजवर एक ओळही न छापून आलेल्यांनी, विशेषतः खेड्यांतील शिक्षकांनी, अंगणवाडीसेविकांनी, सफाई कामगारांनी आणि शेतकऱ्यांनी लिहावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. हस्तलिखिते आषाढ अखेरपर्यंत पाठवावीत.