डबडं नव्हे, यंत्र आहे ते!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. कारण असं की, गेले दोन महिने वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी व्हिडिओ एडिटिंगसाठी कॉम्प्युटर जुळवत होतो. तयार आणला नाही, एकेक भाग आणून घरीच जुळवला. त्यावरून जे जे ऐकून घेतलं, त्याचं उत्तर आज देतो. नातेवाईकांनी जरूर वाचावं, राग आला तर फोन करावा!

शेजारी म्हणाले, "मास्तर, कायले पाह्यजे तुमाले हे डबडं? मोबाईलवर सारं होते न!" पुण्याच्या भाच्याचा हट्ट लॅपटॉपचा. अमरावतीच्या एका दुकानदारानं रंगीत दिवे लुकलुकणारी पेटी आणि महागडं ग्राफिक्स कार्ड पुढं केलं. माझं म्हणणं, तिघंही चुकले.

माझ्या कपाटात मिनीडीव्हीच्या 41 कॅसेट आहेत. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. इथून तिची पालखी पंढरपूरला जाते, ती 1594 पासूनची मानतात. त्या पालखीचं प्रस्थान, कार्तिकातली दहीहंडी, वर्धेच्या काठची गर्दी असं सगळं मी त्यात टिपलंय. आणि एका कॅसेटमध्ये जात्यावर ओव्या म्हणणारी माझी आई आहे. आई 2009 साली गेली. तो आवाज दुसरीकडे कुठंही नाही.

ती कॅसेट मी एकदा एका स्टुडिओत दिली होती. डीव्हीडी आली ती ओव्यांवर सिनेमाचं गाणं चढवून. म्हणे, "मागं नुसती घरघर येत होती, काढून टाकली." अहो, ती घरघर जात्याची होती! कॅसेट तरी परत मिळाली, हे नशीब. कात्री ज्याच्या हातात, घरघर कोणती आणि ओवी कोणती हे तोच ठरवतो. म्हणून कात्री आपल्या हातात हवी.

आता मोबाईल आणि लॅपटॉपचं बघू. मिनीडीव्हीवरचं चित्र जसंच्या तसं उतरवायला फायरवायर लागतं. आजच्या लॅपटॉपला ते नसतं, मोबाईलचं तर नावच नको. ॲपलनं 2025 च्या मॅकओएस टाहोमधून त्याचा आधारच काढला. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर मात्र मोकळा स्लॉट असतो. त्यात फायरवायरचं कार्ड बसवलं, लिनक्स टाकलं, आणि माझा जुना कॅमेरा या नव्या यंत्राशी बोलू लागला. तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो आणि जागा लागते सुमारे 13 जीबी. म्हणजे 41 कॅसेटना 533 जीबी, आणि एकाच प्रतीवर विसंबायचं नाही म्हणून त्याच्या दुप्पट. तेव्हा दिव्यांचे पैसे मी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घातले.

दुकानदाराला वाटलं, जुनं चित्र म्हणजे जड काम. उलट आहे! डीव्हीत प्रत्येक चित्र स्वतंत्र आणि पूर्ण असतं, ते कापायला सोपं. नातवाच्या मोबाईलच्या व्हिडिओत एखादंच चित्र पूर्ण असतं, पुढच्यांत बहुतेक फक्त काय बदललं तेवढं नोंदलेलं असतं. मधलं एक चित्र दाखवायचं तरी यंत्राला मागून हिशेब मांडत यावं लागतं. त्यासाठी व्हिडिओ उलगडण्याची सोय अंगातच असलेला प्रोसेसर आणि भरपूर रॅम मला पुरली. महागडं कार्ड खेळ खेळणाऱ्यांना लखलाभ.

भाचा म्हणाला, "मामा, बिघडलं तर कोण बघणार?" प्रश्न रास्त होता. दुसऱ्याच आठवड्यात वीज गेली-आली आणि एसएमपीएस जळला. मी एसटीनं अमरावतीला गेलो, नवा आणला, चार स्क्रू काढून बसवला. संध्याकाळी यंत्र सुरू! मग यूपीएसही घेतला, तो आधीच घ्यायला हवा होता, ही चूक माझी. पण पातळ लॅपटॉपात कित्येकदा रॅमसुद्धा बोर्डावर डाग देऊन चिकटवलेली असते. तिथं कोणता स्क्रू काढणार होतो मी?

दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणलं. सरस्वतीबाई घरीच अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडत. ते यंत्र आणि तो अंधार घरचा होता, म्हणून 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' झाला. आणि तोही आज पूर्ण स्वरूपात उरलेला नाही, हेही लक्षात ठेवा.

मोबाईलवर रील करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. प्रवासात लॅपटॉप सोयीचा, हेही कबूल. पण म्हाताऱ्यानं फक्त बघावं, करू नये, हे मला मान्य नाही.

असो. आतापर्यंत नऊ कॅसेट उतरल्या आहेत. आईची पहिली उतरवली. जात्याची घरघर तशीच ठेवली आहे. ज्यांच्या कपाटात अशा कॅसेट पडून असतील, त्यांनी बुरशी लागण्याआधी घेऊन या. चहा माझ्याकडे, तासाला तास बसायची तयारी तेवढी तुमची.