प्रश्न विचारतात म्हणून वैतागू नका



"हिथं बोट बुडतेय आणि हे फोनवर प्रश्न कसले विचारत बसलेत?" ही तक्रार जेटीवर नेहमीचीच. आम्हीही तेच म्हणायचो. आता नाही म्हणत.

गेल्या हंगामात आपल्यातल्याच एका ट्रॉलरमध्ये पाणी शिरलं. खलाशाने मालकाला फोन केला, मालकाने आम्हाला, आम्ही तटरक्षक दलाला. जागा सांगितली, "पंधरा पॉइंट तीस." पलीकडून लगेच प्रश्न, "पंधरा अंश तीस मिनिटं, की दशांशात पंधरा पॉइंट तीस?" आम्ही गप्प! परत मालकाला फोन, परत खलाशाला. सगळे सुखरूप आले, पण तेवढा वेळ आमच्यामुळे वाया गेला.

हिशेब बघा. 15.30 अंश म्हणजे 15 अंश 18 मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. फरक झाला 12 सागरी मैलांचा, म्हणजे 22 किलोमीटर. तो प्रश्न विचारला नसता तर मदत भलत्याच पाण्यात शोधत फिरली असती.

फोन घेणाऱ्याला दर्या दिसत नाही, आपला आवाज तेवढा ऐकू येतो. माणसं किती, पाणी किती शिरलंय, लाइफ जॅकेट आहेत का, यावरूनच काय पाठवायचं ते ठरतं. त्याचे प्रश्न म्हणजे टाइमपास नव्हे, मदतीची ती सुरुवात असते.

म्हणून आमचं स्पष्ट मत: पहिला फोन मालकाला नको, 1554 वर तटरक्षक दलाला करा. रेंज नसेल तर व्हीएचएफ चॅनल 16. जीपीएसवर जसं दिसतं तसंच, अंश-मिनिटं म्हणत वाचा. ते सांगेपर्यंत फोन ठेवू नका. आणि संकट टळलं तर तेही कळवा, नाहीतर ते बिचारे शोधतच राहतील.

हे एकट्या तांडेलाला येऊन भागत नाही. तोच पाण्यात पडला तर? ओडिशा, झारखंडहून आलेल्या खलाशालाही जीपीएस वाचता आला पाहिजे. ते शिकवणं मालकाचं काम, आणि मालकांना आठवण करून देणं आमचं.

1 ऑगस्टला बोटी निघतील. डिझेल, बर्फ भरण्याआधी प्रत्येक खलाशाकडून एकदा जागा वाचून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.