आंब्याचा डबा खाली ठेवा

दर वर्षी गणपतीत आपल्या मंडळाच्या चहाच्या टेबलावर एक तरी पिवळा पदार्थ असतो. कधी आंब्याचा केक, कधी वाटीतलं आंबा मूस, कधी पल्प भरलेले गोड बन. ते बन दोनदा मीच आणले होते, त्यामुळे हा लेख आधी माझ्याविरुद्ध आहे आणि मग तुमच्या.

म्युनिककडे भाद्रपद म्हणजे त्स्वेच्गेचा महिना. (इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ या नावाच्या सुरुवातीलाच अडखळते. आपल्याला 'चाक' आणि 'चोर' यांतला च येतो, तेव्हा अर्धं काम फुकटात झालेलं आहे.) आलुबुखाराच्या कुळातलं हे फळ लांबट, निळंजांभळं असतं आणि वरून राख फासल्यासारखं दिसतं. बोट फिरवलं की राख जाते आणि खालची काळसर चकाकी दिसते. ऑगस्ट सरता सरता बाजारात याच्या टोपल्या लागतात. ज्यांच्या परसात झाड आहे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना बादल्या भरभरून देतात, कारण झाड एकदम पिकतं आणि एका घराला ते संपत नाही. आमच्या शेजारच्या आजी दर वर्षी एक बादली दाराशी ठेवून जातात. कितीतरी वर्षं आम्ही 'डांके' म्हणायचो, चार खायचो, आंबट लागतात म्हणून बाकीची आठवडाभराने ओल्या कचऱ्यात टाकायचो आणि इंडियन दुकानातून आंब्याच्या पल्पचा ८५० ग्रॅमचा डबा आणायचो.

माझं म्हणणं असं, की गणपतीतल्या चहाला फळ भरून काही भाजायचं असेल तर ते त्स्वेच्गे भरून भाजा, आणि घरीच भाजा. याला पहिलं कारण निव्वळ स्वयंपाकाचं आहे. डब्यातला पल्प म्हणजे साखर घातलेला पातळ रस. त्याला बांध नसतो. ओव्हनमध्ये तो उकळतो, बनच्या तळातून वाट काढतो आणि ट्रेवर जळतो. माझ्या दुसऱ्या खेपेला स्वयंपाकघरात धूर झाला, अलार्म वाजला आणि बन कापले तर आतलं पीठ खिरीसारखं ओलं. शिवाय गोड पिठात गोड रस, म्हणजे जिभेला धरायला काही उरतच नाही. त्स्वेच्गे घट्ट असतं, त्यात पाणी कमी, आणि बी बोटाने निघते. भाजताना सालीचा रंग आत उतरतो आणि हिरवट पिवळा गर लालभडक होतो. आंबटपणा मात्र जागच्या जागी राहतो. गोल, रसाळ प्लम आणलात तर हे जमणार नाही. त्याची बी गराला चिकटते आणि तो पिठाला पाणी लावतो. बाजारात नाव वाचून घ्या.

इथे बहुतेक जण हे फळ परातीएवढ्या ट्रेवर पसरलेल्या पिठात ओळीने खोचून त्याचा 'डाची' करतात. शेजारच्या आउग्सबुर्गला तर या पदार्थावरून 'डाचीबुर्ग' असं टोपणनाव पडलंय. पण मंडळासाठी मला बव्हेरियन रोरनुडेल जास्त योग्य वाटतं. नुडेल म्हटलं तरी यात शेवया नाहीत. आणि रोर म्हणजे इथल्या बोलीत ओव्हन. यीस्टच्या पिठाचा उंडा करायचा, त्यात एक अख्खं फळ दडवायचं, आणि असे दहा-बारा उंडे लोण्यात घोळवून एकाच भांड्यात खेटून भाजायचे. आजी फळातली बी काढून तिच्या जागी साखरेचा एक खडा ठेवतात. तो विरघळून फळाच्या पोटातच पाक होतो. हे त्यांनी मला करून दाखवलं तेव्हा हसू आलं, कारण त्यांचा अंगठा पीठ जसं वर ओढून मिटवत होता, तसाच माझ्या आईचा अंगठा पुरणाचा उंडा मिटवताना चालतो.

दुसरा मुद्दा घरी करण्याचा. "यीस्ट म्हणजे कटकट, बेकरीत मिळतं की," असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. यांत बहुतेक ते लोक आहेत जे अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालतात. यीस्टच्या पिठाला वेळ लागतो हे खरं, पण तो वेळ तुमचा नसतो, पिठाचा असतो. हाताचं काम सगळं मिळून पाऊण तासाचं. ५०० ग्रॅम मैदा (इथल्या पाकिटावर ४०५ किंवा ५५० लिहिलेला), ताज्या यीस्टची अर्धी वडी म्हणजे २१ ग्रॅम, पाव लिटर कोमट दूध, ६०-६० ग्रॅम साखर आणि लोणी, एक अंडं, चिमूटभर मीठ. मैद्यात आळं करून त्यात यीस्ट, थोडं दूध आणि चमचाभर साखर कालवायची आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवायची. फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. दूध कडकडीत घातलंत तर ५०-५५ अंशांच्या पुढे ते मरतं आणि मग कितीही वाट पाहा. मळल्यावर तासभर, उंडे भरल्यावर आणखी वीस मिनिटं फुगू द्यायचे, आणि १८० अंशांवर साधारण अर्धा तास भाजायचे.

आपल्या हाताने हे पीठ बिघडतं ते एकाच सवयीमुळे. चिकट लागलं की आपण पीठ भुरभुरवतो, कारण हाताला पोळीची कणीक ठाऊक असते. मी तेच केलं आणि पहिले उंडे लाडवासारखे झाले. इथे पुरणपोळीची कणीक आठवायची. ती सैल असते, तेलात बुडवून ठेवलेली असते आणि ओढली की तुटत नाही, लांबते. पिठाऐवजी हाताला लोणी लावा आणि दहा मिनिटं तिंबत राहा. चिकटपणा आपोआप निघून जातो. ज्या घरात पुरणपोळी बनते त्या घराने यीस्टला भ्यावं, हे मला पटत नाही.

आता मोठी हरकत. मागच्या बैठकीत एका काकांनी ती घेतलीच: "मग त्यात आपलं काय राहिलं?" नैवेद्याबद्दल वाद नाही. तिथे एकवीस मोदक उकडीचेच, आणि अंड्या-यीस्टचं काही देवापुढे जाणार नाही. (चहाच्या टेबलावरही अंडं नको असेल तर दोन-तीन चमचे दूध वाढवा आणि तशी चिठ्ठी लावा.) मी बोलतोय ते आरतीनंतर चारच्या चहाबद्दल. रविवारी याच वेळेला इथल्या घराघरांतून कॉफी आणि केक मांडलेला असतो, म्हणजे वेळेपुरतं तरी आपलं आणि त्यांचं जुळलेलंच आहे.

यावर काकांच्या बाजूने एक दाखला मीच देतो. व्हिएन्नात रोरनुडेलच्या बहिणीला बुख्टेल म्हणतात. ती तिथे आली बोहेमियाहून, आणि एकोणिसाव्या शतकात शहरातल्या घरांमधून स्वयंपाकाला राहिलेल्या तिकडच्या बायकांनी ती रुजवली. आतल्या घट्ट, आळवलेल्या प्लमच्या गराला व्हिएन्नावाले 'पोविडल' म्हणतात, तोही चेक शब्द. म्हणजे परक्या गावात जाऊन त्यांनी आपल्याच गावचं सारण भरलं, मग आपण आंबा का भरू नये? पण त्यांच्या गावचं फळ त्या मोसमात व्हिएन्नाच्या बाजारातही टोपलीत मिळत होतं. आपला हापूस भाद्रपदात म्युनिकला मिळत नाही. भाद्रपदात तो रत्नागिरीतही मिळत नाही. आपल्या आज्यांना गणपतीत कोणी आंब्याचं काही मागितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. काकडी, भोपळा, ऋषीच्या भाजीतलं अळू आणि अंबाडी, जे त्या दिवसांत परसात उभं असेल ते ताटात, ही त्यांची रीत. त्या रीतीने पाहिलं तर या महिन्यात इथलं आपलं फळ बादलीत, दाराशी आलेलं आहे.

या वर्षी दुसऱ्या रविवारी मी रोरनुडेलची तीन भांडी आणतो. आदल्या संध्याकाळी बिया काढायला चार हात हवेत. चाकू आपापले आणा आणि जुने कपडे घाला, डाग निघत नाहीत. शेजारच्या आजींनाही बोलावलं आहे. त्यांना मोदकाच्या कळ्या कशा पडतात ते पाहायचं आहे.

गेल्या वर्षीचा पल्पचा एक डबा अजून कपाटात आहे. पाडव्याला त्याचं आम्रखंड करीन.